गाळलेला शुक्रवार

शुक्रवार रद्द झाल्याचं रेडिओने पुन्हा एकदा सांगितलं आणि लुपे हसली. हसता हसता तिला खोकला लागला. तिच्या नवऱ्याने, इओसेफाने, तिला उठवून बसवलं, पाठीवरून हात फिरवला. हाताला हाडंच लागत होती.

"हसायला काय झालं?"

"डॉक्टर काय म्हणाला होता? शुक्रवार निघेल, पुढचं सांगत नाही. आता शुक्रवारच नाही म्हटल्यावर त्या बिचाऱ्याने काय करायचं?"

गुरुवार होता, एकोणतीस डिसेंबर. आज रात्री झोपायचं आणि उठायचं ते थेट शनिवारी, असा सरकारचा हुकूम होता. आपण रविवारी चर्चमध्ये बसतो तेव्हा न्यूझीलंडमध्ये सोमवारची दुकानं उघडतात, धंदा बुडतो, म्हणून अख्खा सामोआ उचलून वाररेषेच्या पलीकडे ठेवायचा. याच सरकारने दोन वर्षांपूर्वी गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूवरून डाव्या बाजूला आणल्या होत्या. तेव्हा बसचे दरवाजे भर रस्त्यात उघडायला लागले. पहिल्याच आठवड्यात इओसेफा बसमधून उतरला तो अळकुड्यांच्या ट्रकसमोर.

"रस्ता झाला, आता वार," लुपे म्हणाली. "उद्या म्हणतील समुद्र डोंगरावर न्या. आणि तुम्ही मताई लोक माना डोलवाल. संसदेत बसायला घराण्याची पदवी लागते, डोकं कुठे लागतं?"

इओसेफाकडे मताईची, म्हणजे घराण्याच्या प्रमुखाची, पदवी होती. त्याने मान डोलवली.

"अगं, तो दिवस तसा आपला नव्हताच," तो म्हणाला. "आजी सांगायची ना. तेव्हाच्या राजाने अमेरिकन व्यापाऱ्यांना खूश करायला आपल्याला वाररेषेच्या या बाजूला आणलं आणि चार जुलै, त्यांचा स्वातंत्र्यदिन, दोनदा केला. आजीने दोन्ही दिवस डुक्कर खाल्लं. तोच जादाचा दिवस आता परत चाललाय."

"डुक्कर तुझ्या आजीने खाल्लं आणि शुक्रवार माझा गेला?"

इओसेफाचं लक्ष दुसरीकडे होतं. तिरेसा, त्यांची एकुलती एक मुलगी, पागो पागोला माशांचे डबे भरायच्या कारखान्यात होती. पागो पागो विमानाने अर्ध्या तासावर, पण ते अमेरिकेचं. तिथे शुक्रवार जागच्या जागी राहणार होता. तिला शुक्रवारी दुपारच्या विमानात जागा मिळाली होती. म्हणजे इथे उतरेल तेव्हा शनिवार. डॉक्टरने हमी दिली होती ती शुक्रवारची.

मधे रात्र एकच आहे, हे इओसेफाला कळत होतं. तरी त्याला वाटत होतं, आपल्याला कोणीतरी फसवलं.

"तिला आज यायला सांगू का?"

"आज विमान आहे का? आणि सांगशील काय? ती पोरगी आधीच विमानात डोळे मिटून देवाचा धावा करत येते. शेजारच्याचा हात पिरगाळून ठेवते. उगाच घाबरवू नकोस तिला. मी कुठे पळून चाललेय?"

संध्याकाळच्या प्रार्थनेला पाद्री घरी आले. देवाची वेळ देवालाच ठाऊक, असं म्हणाले.

"पण त्याला कळवलंय ना?" लुपेने विचारलं. "नाहीतर रविवारी तुम्ही घंटा बडवाल आणि त्याच्याकडे शनिवार. तो गेलेला असेल मासे धरायला."

पाद्रींनी बायबल तोंडापुढे धरलं. खांदे मात्र हलत होते.

ती रात्र लुपेने काढली. सकाळी इओसेफाने कोको केला. तिने दोन चमचे घेतले, तिसऱ्याला तोंड फिरवलं.

"वार कोणता?"

"शनिवार."

"म्हणजे डॉक्टर हरला," ती म्हणाली. तोंडावर तेच हसू होतं, एखाद्याची खोड काढल्यावर असायचं तसं. इओसेफा पेला ठेवायला वळला. परत आला तेव्हा ती गेली होती.

शेजारच्या बायका आल्या. चटया अंथरल्या गेल्या, रडणं सुरू झालं. कोणीतरी नीरफणस भाजायला घेतले, कारण माणूस मेलं तरी येणाऱ्यांना भूक लागतेच. इओसेफा अंगणात त्याच्या आईच्या थडग्यावर जाऊन बसला. लुपे या थडग्यावर कपडे वाळत घालायची. सासूने आयुष्यभर कामाला हात लावला नाही, आता तरी लावू दे, म्हणायची. एक टॉवेल अजून तिथेच होता. तो त्याने घडी करून मांडीवर घेतला.

दुपार झाली तेव्हा फोन वाजला.

"बाबा, विमानतळावर आहे," तिरेसा म्हणाली. "विमान एवढंसं, म्हणून मेल्यांनी मला काट्यावर उभं केलं आणि वजन सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. विमान उडेल ना, असं एक म्हातारा मलाच विचारतोय! आईला सांगा, हसेल ती." मग तिचा आवाज बारीक झाला. "बाबा, आई कशी आहे?"

इओसेफाने घराकडे हात केला. बायकांचं रडणं थांबलं.

"तिकडे आज वार कोणता गं?"

"शुक्रवार. का?"

"मग आहे ती," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणालाच होता, शुक्रवार निघेल."