दिवसाला एकदा

‘ऑस्मो, अजून एकदा म्हण ना. मग उद्यापर्यंत नाही मागणार,’ आयला म्हणाली.

ऑस्मोनं काचेवरचा बर्फ खरवडला, आत येऊन बसला आणि गाडी सुरू केली. सभा संपली होती. प्रार्थनागृहाच्या अंगणातून मंडळी आपापल्या घरी निघाली होती.

‘सकाळी म्हटलं की.’

‘ते सकाळचं झालं. आत्ता कॉफी घेताना मी हिल्मा आजींना म्हणाले, झोप छान लागली. खोटं बोलले, ऑस्मो. देवाच्या घरात.’

ते वाक्य म्हणायला वेळ लागत नसे. बायकोच्या मानेभोवती हात टाकायचा आणि म्हणायचं, ‘येशूच्या नावानं आणि रक्तानं तुझी पापं माफ झाली, विश्वास ठेव.’ त्यांच्या मंडळीत कुणीही कुणाला ते सांगू शकतं. ऑस्मो ते ऐकतच वाढला होता. गेल्या रविवारी त्यानं ते आयलाला एकतीस वेळा सांगितलं. मंगळवारी ओउलू शहरातल्या दवाखान्यातली नर्स म्हणाली, ‘हा आजार आहे, आणि तुम्ही त्याला खाऊ घालताय. दिवसाला एकदाच म्हणा. भीती चढेल, चढू द्या. ती आपली आपण उतरते.’ घरी परतताना आयलानंच त्याच्याकडून शब्द घेतला होता, ‘मी पाया पडले तरी देऊ नकोस.’

काचेवर टकटक झाली. हिल्मा आजी निरोप घ्यायला आल्या होत्या. आयलानं काच खाली केली आणि त्यांची बाही धरली.

‘आजी, तुम्ही तरी म्हणा.’

म्हातारीचा हात आयलाच्या मानेकडे गेलाच होता.

‘आजी, नको,’ ऑस्मो म्हणाला.

आजींनी बाही सोडवून हात मागे घेतला. ‘तहानलेल्याला पाणी नाही म्हणतोस, बाबा?’

त्यानं आपल्या बाजूचं बटण दाबून काच वर घेतली. मंडळीतल्या माणसाच्या तोंडावर त्यानं आजवर कधी काच चढवली नव्हती.

रस्ता नदीकाठानं पुलाकडे जात होता. आयला हुंदके देत गुडघ्यावर मूठ आपटत होती.

‘आत्ता मेले तर? सांग ना, आत्ताच्या आत्ता मेले तर मी कुठे जाईन?’

याचं उत्तर ऑस्मोला लहानपणापासून ठाऊक होतं. ते त्या नर्सला कुठून ठाऊक असणार? समोरून लाकडांचा ट्रक बर्फाचा धुरळा उडवत गेला आणि क्षणभर काहीच दिसेना. ऑस्मोचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपसूक वर आला. साठावरून चाळीस, चाळीसवरून तीस. वाक्य दातांपर्यंत येऊन थांबलं होतं. त्यानं ओठ मिटून घेतले.

किती वेळ गेला कोण जाणे. आयलानं नाक पुसलं, टोपी काढून मांडीवर ठेवली.

‘उतरतेय वाटतं,’ ती म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटत होतं. मग तिनं मागे वळून पाहिलं. ‘अरे, जरा वेग घे. मागे सगळी मंडळी खोळंबलीये.’

‘एवढा पूल जाऊ दे. पुलावर घसरतं.’

‘पूल कधीच मागे पडला, ऑस्मो.’