सुभानजींचा प्रश्न

हाडाच्या तुकड्याला मेलेल्यांना बोलतं करणाऱ्या यंत्राच्या तारा जोडल्या आणि तीनशे वर्षांपूर्वी वारलेले सुभानजी ढालतोडे मंगल कार्यालयाच्या स्पीकरमधून खोकले. कुलसंमेलनाला जमलेल्या समस्त ढालतोड्यांनी त्या खोकल्यालाही टाळ्या वाजवल्या.

अध्यक्ष दिनकररावांनी फेटा सावरून माईक धरला. "आबा, आम्ही तुमचे वंशज. आम्हाला तुमचा फार अभिमान आहे!"

"कशाचा?" सुभानजींनी विचारलं.

दिनकररावांनी कार्यकारिणीकडे पाहिलं. कार्यकारिणीने पंख्याकडे पाहिलं.

"ते ऱ्हाऊ दे," सुभानजी म्हणाले. "घरनं निघालो तवा धाकटी लेक तापानं फणफणली व्हती. उतरला का रं तिचा ताप?"

परजातीत लग्न करून कुळाला बट्टा लावला म्हणून दिनकररावांनी शामलला, आपल्या एकुलत्या लेकीला, तोडलं होतं. तिला साधी सर्दी झाली तरी त्यांना कळायची सोय नव्हती.

"उतरला, आबा," ते म्हणाले. "अंगणात खेळतेय."

"मग झालं तर," सुभानजी म्हणाले आणि यंत्र थंडावलं.

मंडळी जिलेबीकडे वळली. दिनकररावांनी खिशातून फोन काढला. शामलचा नंबर त्यांनी याच सभागृहात, सर्वांदेखत पुसून टाकला होता. तेव्हाही टाळ्या पडल्या होत्या.