थांबवण्याचा अधिकार

रेल्वे रुळांवर ठाण मांडलेल्या लोकांवर लाठीमार सुरू झाला, तेव्हा हुकूम देणाऱ्या हेमांगी कारखानीस कॉफी पीत होत्या. कॅनडातल्या एका प्रांताच्या त्या गृहमंत्री. कायद्याप्रमाणे त्यांच्या मनगटावर पट्टा होता. प्रत्येक फटक्याची वेदना त्यातून त्यांच्या अंगात उतरायची आणि असह्य झाली की त्यांनी ‘थांबा’ म्हणायचं. तोवर हात आखडणारा पोलीस बंडखोर ठरे.

“दुखतंय का गं?” भूलतज्ज्ञ असलेल्या नवऱ्याने, शिरीषने विचारलं.

“मुंग्या चालल्यासारखं वाटतंय फक्त. इंजेक्शन भारी आहे हं तुझं!”

“आधीचा मंत्री तिसऱ्या फटक्यालाच केकाटला होता. खुर्ची गेली बिचाऱ्याची.”

“निवडणूक तोंडावर आलीय. मी नाही केकाटणार.”

फोन वाजला. पलीकडे पोलीसप्रमुख मॅक्लाउड होता. “मॅडम, थांबा म्हणा.”

“एवढ्यात? मला अजून सोसतंय, मॅक्लाउड.”

“मॅडम, इथे ओरडणारं कुणी उरलेलं नाही. माझी माणसं रडत रडत प्रेतांना मारतायत.”