निर्णायक मत

इस्त्री केलेला पांढरा सदरा. खिशाला दोन पेनं.

इयत्ता सातवी. पटावर एकोणतीस, हजर सव्वीस.

पाण्याची टाकी, पन्नास हजार लिटर. मंजूर. जागा ठरायची.

सात सदस्य. त्यातला एक परभणीच्या दवाखान्यात, पाय प्लास्टरमध्ये.

मासिक सभेची नोटीस: गुरुवार, सकाळी अकरा.

माणिकरावांनी ती नोटीस वाचली नव्हती. गेल्या दोन वर्षांत त्यांनी एकही वाचली नव्हती. कागदावर अकरा असोत की बारा, ते येऊन बसले की सभा सुरू व्हायची आणि ते उठले की संपायची. मग ग्रामसेवक योगीराज इतिवृत्ताचं रजिस्टर त्यांच्या घरी पोचवायचा आणि सही होऊन ते सकाळी परत जायचं. अलीकडे सहीला दोन-दोन दिवस लागायचे, पण योगीराजनं कधी तक्रार केली नव्हती.

आजची सभा मात्र साधी नव्हती. टाकी ताडकळस रस्त्याला झाली, तर तिथं माणिकरावांनी पाडलेल्या प्लॉटांना आधी नळ मिळणार होता. ती वरच्या वस्तीला गेली, तर प्लॉटांवर गवतच माजणार होतं. तीन सदस्य त्यांचे, तीन वस्तीचे. सातवा कुणाचाच नव्हता, आणि तो प्लास्टरमध्ये होता. म्हणजे बरोबरी. बरोबरी झाली की पुढचं सोपं होतं. माणिकराव निश्चिंत होते.

त्यात शाळेचं बोलावणं आलं. मुख्याध्यापिका धम्मशीलाबाईंना ग्रामपंचायतीचा धडा मुलांना माहीतगार माणसाकडून ऐकवायचा होता. वेळ, साडेदहा.

निघताना बायकोनं, कमलबाईंनी, सदरा हातात दिला.

"पोरायला नीट समजावून सांगा. घाई करू नका."

"जेवायलाच येतो. मंग मीटिंग."

"तवर थांबतील का लोक?"

"माझ्याबिगर झालीय का कधी मीटिंग?"

"आजपस्तोर तर न्हाई," कमलबाई म्हणाल्या आणि भांड्यांकडे वळल्या.

शाळेत "या सरपंच" म्हणून बाईंनी पंख्याखालची खुर्ची दिली. दोन वर्षांपासून सगळं गाव त्यांना सरपंचच म्हणायचं. पुस्तक न उघडता त्यांनी शिकवायला सुरुवात केली. वॉर्ड कसे पडतात, गावचा पैसा कुठून येतो, ग्रामसेवकाचं काम काय, सभेची नोटीस किती दिवस आधी द्यावी लागते, किती सदस्य हजर असले म्हणजे सभा भरते. सगळं तोंडपाठ. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा कुजबुजायची थांबली. ताडकळसच्या बाजारात शेळी विकायला गेलेल्या एका सदस्याला सभेसाठी अर्ध्या रस्त्यातून कसं धरून आणलं आणि शेळी सभा संपेपर्यंत ऑफिसात कशी ओरडत होती, हे त्यांनी सांगितलं तेव्हा धम्मशीलाबाईही हसल्या.

मग त्यांनी वर्गातच सभा भरवली. सात मुलं सदस्य. एकाला आजारी पाडलं. निकिता नावाच्या चुणचुणीत मुलीला सरपंच केलं. निकिता पुढं आली आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं?"

"सरपंच मी हाय ना? मग खुर्चीत तुमी कसे?"

वर्ग हसला. माणिकरावही मोठ्यानं हसले, उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

विषय कोणता द्यावा? डोक्यात टाकीच होती, तीच दिली. मुलांनी बराच वाद घातला. वरच्या वस्तीतला एक मुलगा म्हणाला की त्याची आई पाण्यापायी रोज चार खेपा करते. दुसरा म्हणाला की रस्त्याकडं जागा मोकळी आहे. हात वर झाले. तीन आणि तीन. निकितानं माणिकरावांकडं पाहिलं.

"आता मी कुणाला विचारू?"

"कुणालाच न्हाई," माणिकराव म्हणाले. त्यांनी खडू घेऊन फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, निर्णायक मत. "बरोबरी झाली की सरपंचाचं मत चालतं. तिथं दुसऱ्या कुणाचं काही चालत न्हाई. घरच्याचं न्हाई, दारच्याचं न्हाई. ध्यानात ठेवा, परीक्षेला येतंय."

मुलांनी वहीत उतरवून घेतलं. निकितानं टाकी वरच्या वस्तीला दिली. माणिकरावांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले की पोरगी पुढं जाणार.

मुलांचे प्रश्न संपेनात. एकानं ग्रामसभा आणि मासिक सभेतला फरक विचारला, एकीनं अविश्वास ठराव. माणिकरावांनी एकही प्रश्न टाळला नाही. निघायला एक वाजून गेला. दारापर्यंत सोडायला आलेल्या धम्मशीलाबाई म्हणाल्या, "कमलबाईंनीच तुमचं नाव सुचवलं होतं. आमच्या मालकाइतकं कुणालाच माहीत नाही, म्हणाल्या. खरं बोलल्या."

माणिकरावांना बरं वाटलं. घरी न जाता त्यांनी गाडी सरळ ग्रामपंचायतीकडं घेतली.

योगीराज दाराला कुलूप लावत होता.

"एवढ्यात कुठं निघाला? सगळ्यायला बोलाव. मीटिंग उरकून टाकू."

"झाली की, साहेब. अकराची नोटीस होती. साडेबाराला आटपली."

माणिकराव हसले. योगीराज हसला नाही.

"टाकीचं काय झालं?"

"तीन-तीन झालं. मग सरपंचाचं निर्णायक मत पडलं. टाकी वरच्या वस्तीला."

"आरं, मी तर शाळेत होतो."

"व्हय," योगीराज म्हणाला आणि किल्ली खिशात टाकली. "तुमी शाळेतच होता."

दोन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत दोनशे चौदा मतांनी सरपंच म्हणून निवडून आल्या होत्या त्या कमलबाई.