हिरवा ड्रेस

शाळा संपल्यावरच्या नाच-समारंभासाठी तोत्का मावशीने माझा हिरवा ड्रेस मुद्दाम तंग शिवला. "चीज भरलेली ती तुपकट बनित्सा खाणं सोड, म्हणजे मे महिन्यापर्यंत मावशील त्यात," तोंडात टाचण्या धरूनच ती म्हणाली.

आई हसली. "नाहीतर वर्गातल्या पोरींत भोपळा दिसशील गं, रालित्सा!"

ड्रेस माझ्या खोलीत, कपाटाच्या दारावर हँगरला लटकत असे. मी वाळत चालले, तसा तो भरत चालला. आधी खांदे भरले, मग कंबर. एका पहाटे तो हलकेच श्वास घेत होता. मला भीती वाटली नाही. खिडकीतून गुलाबांचा वास येत होता आणि भूक केव्हाच गेली होती.

समारंभाच्या संध्याकाळी शेजारीपाजारी खाली दारात जमले. उंबऱ्यात पाण्याने भरलेलं तांब्याचं भांडं ठेवलं होतं; शुभ शकुन म्हणून मुलीने ते पायाने लवंडून बाहेर पडायचं असतं.

"रालित्सा, चल की गं, सगळे खोळंबलेत!" आईने हाक मारली.

"आले, आई!" जिन्यावरून माझाच आवाज खाली गेला; मी मात्र अजून खोलीतच होते.

भांडं खणखणलं. टाळ्या पडल्या.

"अगंबाई! अगदी मापात आलीस की गं," आई रडवेल्या आवाजात म्हणाली.

मला खिडकीकडे धावायचं होतं. पण पाय जमिनीला टेकेनात, आणि दोन्ही खांद्यांत हँगरचं लाकूड रुतत होतं.