विचारा, कुणालाही विचारा

"तत्त्वज्ञान कॉलेजात कुजतंय, ते माणसांत आलं पाहिजे. विचारा, कुणालाही विचारा," असं नमिता मॅडम दर महिन्याला कासूजवळच्या कातकरवाडीत बैठक घेऊन सांगायच्या. वाडी टाळ्या वाजवून मोकळी व्हायची. वाडीतल्या वनितानं मात्र ते खरं मानलं.

दिवसाची भातलावणी आटोपून बाया शेतमालक दत्ताशेटच्या अंगणात चहाला बसल्या, तेव्हा तिनं विचारलंच. "शेट, गावच्या बायांना घरातले कप, नि मला हा वळचणीतला कान तुटलेला का?"

शेट हसले. "लय शिकलीस गो."

दुसऱ्या दिवशी लावणीचा निरोप सगळ्या बायांना गेला, वनिताला नाही. मग गावात कुणीच तिला कामाला बोलावलं नाही. चूल थंड पडली, तेव्हा ती मॅडमना शोधत निघाली.

मॅडम सापडल्या त्या दत्ताशेटच्याच पडवीत, घरातल्या कपात चहा पिताना. सगळं ऐकून त्या गहिवरल्या. "वनिता, हेच खरं तत्त्वज्ञान."

"व्हय बाई. मंग तुमी हितंच का उतरता?"

मॅडमनी कप खाली ठेवला. शेट पुन्हा हसले.



पुढच्या महिन्यात बैठकीचा निरोप सगळ्या वाडीला गेला, वनिताला नाही.