सातवी सुई

"ताई, किती सुया टोचल्या?" फिजिओथेरपीच्या टेबलावर पालथ्या पडलेल्या दगडूभाईंनी विचारलं.

"सातच, चाचा. सायटिकाचा पाय सैल पडेल."

"मोजून काढा हं! एखादी आत राहिली तर?" चाळीस वर्षं गाद्या शिवलेला माणूस, पण घाम असा की कापसाची अख्खी गठडी भिजावी.

सहा सुया निघाल्या. दगडूभाईंनी मान वळवली. "सातवी?"

"काढतेय, चाचा. सुई कोण विसरतं?"

लेकीच्या लग्नात दिलेल्या गादीत दगडूभाईंची वीतभर दाभण राहिली होती. कुणाला बोलले नव्हते.

पाय खरंच हलका झाला. पडदा सारून बाहेर आले, तर बाकावर विहीणबाई कण्हत होत्या.

"भाईजान, तुमची गादी मीच वापरते. तेव्हापासून कंबरेत टोचतंय बघा."

दगडूभाई हलक्या पायानं पुन्हा पडद्याआड शिरले.